सात मात्रांचं गाणं

ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणे मी दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. मला स्वतःला हे आठवत नाही. माझ्या खोलीत राहणाऱ्या मित्रानं नंतर सांगितलं. म्हणाला, "टेप सुरू झाला अन् तू असा बसलास, जसं कोणी मारायला आलंय."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तिथल्या देवपूर भागात आम्ही दोघांनी एक खोली घेतली होती. तो भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला, त्याचे वडील इंजिनावर ड्रायव्हर. कॉलनीत राहणाऱ्या एका रिटायर्ड गार्डानं त्याला गिटार शिकवली होती. त्याच्याकडे इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी असायच्या, कोणाकोणाकडून भरून आणलेल्या, वरती नुसतं पेननं एक-दोन-तीन लिहिलेलं. त्यातल्या एकीत ते गाणं होतं.

मी रावेरच्या बाजूचा. घरची केळी. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. दहाव्या वर्षापासून मी त्यांच्या शेजारी पेटीवर बसत आलो. नानांची लय अख्ख्या तालुक्यात नावाजलेली. अभंग कितीही रंगला, टाळवाले कितीही चेकाळले, तरी नाना एका केसाची घाई करत नसत. माझी मात्र घाई व्हायची. अंतऱ्यावर मी आधीच पोचलेला असायचो. नाना तेव्हा काहीच बोलत नसत. घरी गेलं की केळीच्या घडाला टेकू द्यायची बांबूची काठी काढत.

नाना रागानं मारत नसत, हे मला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते शिवी देत नसत, ओरडत नसत. एकसारखं मारत. एक काठी आणि दुसरी काठी यांच्यामधला वेळ कधी कमी-जास्त झाला नाही. चौथी-पाचवी बसली की पुढची कधी पडणार ते मला अंगातच कळायचं, आणि ती न पडता मधे जो वेळ जायचा तोच जास्त लागायचा. आई चुलीपाशी पाठ करून बसलेली असायची.

म्हणून त्या कॅसेटमध्ये गिटारच्या कर्कश्श सुरावर ड्रम पडायला लागला तेव्हा माझे हात डोक्यावर गेले असावेत. इतका एकसारखा, इतका थंड आणि इतका जोरात पडणारा ठोका मी घराबाहेर कधी ऐकला नव्हता. गाणं संपलं. मी म्हटलं, "परत लाव."

कॉलेजच्या गॅदरिंगला हेच गाणं करायचं, असं त्यानं ठरवलं. मला म्हणाला, "सूर तू काढ. तुला कान आहे." माझ्याकडे एक छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड होता. मी सूर काढायला बसलो आणि पहिल्याच दिवशी अडलो. गाण्याचा षड्ज सापडेना. पांढरी तीन दाबली तर खाली वाटायचं, पांढरी चार दाबली तर वर. षड्ज त्या दोन्हींच्या मधे होता, आणि तिथे पट्टीच नसते. दोन दिवस मी स्वतःच्या कानाला शिव्या दिल्या. मग मित्र म्हणाला, "आपला टेप तर पळत नाही ना?" आम्ही कॅसेट घेऊन स्टँडजवळच्या कॅसेटच्या दुकानात गेलो. तिथल्या चांगल्या टेपवर गाणं बरोबर पांढरी तीनवर बसलं. मनगटावरच्या घड्याळात बघून मी ठोके मोजले. आमच्या टेपवर मिनिटाला एकशे छप्पन्न पडत होते, दुकानात एकशे बावन्न. आमचा टेप गाण्याला पळवत होता, म्हणून सूरही चढला होता.

त्यानंतर गाणं हळूहळू उलगडत गेलं. गिटारवर नुसते दोनच सूर एकदम वाजत होते, सा आणि पंचम. मधला गंधार कोणी वाजवतच नव्हतं, शुद्धही नाही आणि कोमलही नाही. त्यामुळे गाणं आनंदाचं की दुःखाचं ते ऐकणाऱ्याला ठरवता यायचं नाही. नुसता राग कळायचा. मग एक कोमल रिषभ यायचा. तोच कोमल रिषभ पहाटेच्या काकड्यात मी शेकडो वेळा वाजवला होता, तिथे तो डोळे मिटायला लावतो. इथे तो दात दाखवायचा. आणि कडवं चारांत नव्हतं. मी बोटांवर मोजलं, तीन, दोन, दोन. सात मात्रा. आमचा रूपकच, फक्त कोणीतरी त्याच्या मागे कुत्रं सोडलेलं. ध्रुपदाला मात्र गाणं चारांत यायचं, आणि शेवटून दुसऱ्या कडव्यानंतर लय एकदम निम्मी व्हायची. ठोके तितकेच जड, पण मधलं अंतर दुप्पट. तेवढ्या भागात गायक गात नव्हता, ओरडत होता.

सातातून चारांत जाताना आम्ही दोघंही रोज पडायचो. ड्रमवाला हवा होता आणि कॉलेजात तसा कोणी नव्हता. मित्रानं जुन्या धुळ्यातल्या एका बँडमधला माणूस शोधून आणला. लग्नाच्या वरातीत ताशा वाजवणारा. आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. आला, चपला दाराबाहेर काढल्या आणि भिंतीला टेकून बसला. आम्ही गाणं लावलं. त्यानं मान खाली घालून पूर्ण ऐकलं, मग मांडीवर बोटांनी वाजवायला लागला. दुसऱ्या वेळी कडव्यापाशी हसला.

"याना एक पाय लंगडा शे, भाऊ," तो मला म्हणाला.

त्याला रूपक माहीत नव्हता. सात मोजायची त्याला गरजच पडली नाही. लंगड्या माणसाच्या चालीनं तो खोलीत चार फेऱ्या चालला आणि म्हणाला, "आते बसनं." पुढच्या तासाभरात त्यानं आम्हाला सातातून चारांत असं उतरवलं की मला हसू फुटलं. मी नानांच्या शेजारी दहा वर्षं बसलेला माणूस. नानांइतकी पक्की लय मी दुसऱ्या कोणाच्या हातात पाहिली नव्हती, आणि या माणसाच्या हातात ती असताना भीती वाटत नव्हती.

गायक आमच्याच कॉलेजातला होता, शेवटच्या वर्षाचा. त्याच्या वडिलांचं गावात वजन होतं, प्राचार्यसुद्धा त्याला नावानं हाक मारताना जरा जपून मारत. पण तेवढ्यासाठी आम्ही त्याला घेतलं नव्हतं. त्याचा आवाज खरोखर तसा होता. वरच्या सप्तकातल्या पंचमावर तो घसा खरवडून उभा राहायचा आणि सूर तसूभर हलायचा नाही. इंग्रजी शब्दांचे अर्थ आम्हा कोणालाच धड कळत नव्हते. त्याच्या तोंडून ते ऐकले की अर्थ विचारावासा वाटत नसे. फक्त त्याला धीर नव्हता. सुरुवात एकशे बावन्नला केली तरी दुसऱ्या कडव्याला तो एकशे साठवर गेलेला असायचा.

बॉटनीच्या प्रयोगशाळेमागे एक पत्र्याची शेड होती, तिथे दुपारी आमची तालीम चालायची. भाड्यानं आणलेला ड्रम सेट, माझा कीबोर्ड, एक अ‍ॅम्प्लिफायर. गायक पळायचा आणि ड्रमवाला त्याच्या मागे पळायचा नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी गायकानं हात वर करून गाणं थांबवलं.

"ए बँडवाल्या, मी पुढे, तू मागे. वरातीत घोड्याच्या मागे चालतो ना, तसं."

"तुम्हीन पयी राहिनात, भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "गानं मांगे ऱ्हाई गयं."

गायक दोन पावलं चालून गेला आणि त्यानं त्याच्या कानशिलात दिली. मग दुसरी दिली. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज मोठा झाला. ड्रमवाल्याच्या हातातली काडी खाली पडली. त्यानं वाकून ती उचलली आणि मांडीवर आडवी ठेवली. मित्र म्हणाला, "अरे, हे काय?" पण गिटार खाली ठेवली नाही. मार खाणाऱ्या माणसाकडे बघायचं नाही, ही सवय मला लहानपणापासून होती. मी कीबोर्डच्या पट्ट्यांकडे बघत राहिलो.

"परत घ्या," गायक म्हणाला. आम्ही परत घेतलं. ड्रमवाल्यानं एकशे बावन्नलाच वाजवलं.

संध्याकाळी मी त्याच्यासोबत पांझरा नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. म्हटलं, "उद्या नका येऊ. आम्ही दुसरा कोणी बघतो."

तो म्हणाला, "इसू. माले ते सातनं गोड लागस." थोडं चालल्यावर म्हणाला, "वरातमा लोके नाचतंस, ऐकत कोनी नही. आठे तू ऐकस."

तो आला. रोज आला. गायकानं त्याला आणखी दोनदा मारलं, एकदा पायातल्या बुटानं पोटरीवर. एकदाही त्यानं लय सोडली नाही आणि एकदाही उलट हात उचलला नाही. मला त्याचा राग यायला लागला होता, हेही कबूल करतो. माणूस मार खाऊन गप्प बसतो तेव्हा बघणाऱ्याला त्याचाच राग येतो.

गॅदरिंगच्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर मांडव होता. आमचं गाणं सहाच्या सुमाराला लागलं, उजेड अजून होता. पुढे खुर्च्यांवर प्राध्यापक आणि पाहुणे, मागे पोरं उभी. गायकाचे मित्र स्टेजच्या उजव्या अंगाला घोळका करून होते. मित्रानं पहिला स्वर छेडला आणि पोरांनी शिट्ट्या घातल्या. ड्रम पडायला लागला तशी मागची पोरं पुढे सरकली. त्यातल्या कोणीही असलं गाणं ऐकलेलं नव्हतं, नाचायचं कसं ते त्यांना कळत नव्हतं. सात मात्रांवर पाय पडत नाहीत, म्हणून ती एकमेकांना ढकलायला लागली. ध्रुपद चारांत आलं तेव्हा खुर्च्या मोडण्याचे आवाज आले. एक प्राध्यापक उठून उभे राहिले आणि लगेच गर्दीत दिसेनासे झाले.

दुसऱ्या कडव्याला गायक पळाला, नेहमीसारखा. या वेळी हजार माणसांसमोर. शब्द आधी संपले आणि ड्रम मागून पोचला, त्या दोहोंमधे एक मोकळी जागा राहिली. ती सगळ्यांना ऐकू आली. कोणीतरी हुर्यो उडवली.

गायकानं मागे वळून हातातला माइक ड्रमवाल्याच्या तोंडावर फेकून मारला. तो कपाळावर बसला, आणि स्पीकरमधून त्याचा धप्प आवाज सगळ्या मैदानावर गेला. ड्रमवाल्याच्या भुवईतून रक्त आलं. तो वाजवतच राहिला. आणखी एक आवर्तन त्यानं पूर्ण वाजवलं, सातच्या सात मात्रा. बहुतेक त्यामुळेच गायकाचं डोकं फिरलं. त्यानं झांजेचा लोखंडी स्टँड उपटला आणि त्याच्या खांद्यावर घातला. ड्रमवाला स्टुलावरून मागे कोसळला. उजवीकडचे दोघे स्टेजवर चढले. एकानं त्याचा डावा हात ओढून ड्रमच्या लोखंडी कड्यावर धरला, दुसऱ्यानं त्यावर बुटाची टाच आणली. एकदा, दोनदा, तीनदा. मी ते मोजलं. मित्र गिटार गळ्यात घेऊनच मधे पडला, त्याच्या तोंडावर कोपर बसलं आणि तो खाली बसला.

माझे हात अजून पट्ट्यांवर होते. मी वाजवत होतो.

मग मी काय केलं ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. कीबोर्ड जमिनीवर पडला. त्याचा लोखंडी स्टँड, कैचीसारखा मिटणारा, माझ्या हातात होता. गायकाची पाठ माझ्याकडे होती. पहिला मी त्याच्या खांद्यावर घातला. तो वळला तेव्हा दुसरा कानावर बसला, आणि तो गुडघ्यांवर आला. तिथे थांबता आलं असतं. ते दोघे माझ्याकडे बघून ड्रमवाल्याला सोडून मागे सरकलेसुद्धा होते. मी थांबलो नाही. तो आडवा पडला तरी मी मारत होतो. मी ओरडत नव्हतो, शिवी देत नव्हतो. एकसारखं मारत होतो. मला राग आला होता असंही मला वाटत नाही. हात वर जायचा, थोडा वेळ जायचा, खाली यायचा, आणि त्या मधल्या वेळात मला फार बरं वाटत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

खाली पडलेल्या कीबोर्डची एक पट्टी अडकली होती आणि स्पीकरमधून एकच सूर सारखा वाजत होता. कोणीतरी वायर उपटली तेव्हा एकदम शांत झालं, आणि मला गायकाचा श्वास ऐकू आला, नाकातोंडात रक्त भरलेल्या माणसाचा. चार जणांनी मला मागून धरलं. मित्राच्या ओठातून रक्त येत होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि जवळ येत नव्हता.

गायकाचा जबडा मोडला आणि डाव्या कानाचा पडदा फाटला. तो कान पुढे कधी सुधारला नाही. ड्रमवाल्याच्या डाव्या हाताची तीन बोटं चिरडली होती. दोघांनाही सिव्हिलमध्येच नेलं होतं, गायकाला त्याच्या वडिलांनी तासाभरात नाशिकला हलवलं. ड्रमवाला तिथेच राहिला. मला पोलीस चौकीत बसवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रावेरहून नाना आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. मी उभा राहिलो. आता मार बसणार, सगळ्यांसमोर बसणार, असं धरूनच चाललो होतो, आणि खरं तर मला तो हवा होता.

नाना बाकावर माझ्या शेजारी बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मले खरं सांग. पहिला हात कोनाचा?"

"त्याचा. पण मला नाही, ड्रमवाल्याला."

"अन् तू किती घातल्या?"

"माहीत नाही, नाना."

"जबडा मोडला म्हन्तात." ते माझ्या हातांकडे बघत होते. त्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, तळवा उलटा-सुलटा करून पाहिला, जसा बैल घेताना खूर पाहतात. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या पाठीवर त्यांचा हात असा कधी पडला नव्हता. पिशवीतून आईनं दिलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा काढला आणि म्हणाले, "जेव." मी मान वर करून बघितलं. नानांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पेटीवर बसून दहा वर्षं मी जे मिळवायला धडपडलो ते मला त्या दिवशी मिळालं होतं. ते बघत होते म्हणून मी भाकरी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. गायकाचे वडील, नाना, प्राचार्य, पोलिसांतला एक माणूस आणि मी. दोन शिकती पोरं, दोघांचं आयुष्य पुढे आहे, असं सगळ्यांचं एकमत झालं. मग भांडण सुरू करणारा म्हणून लिहायला कोणीतरी हवं होतं. कागद आधीच तयार होता. बाहेरचा एक बँडवाला, विद्यार्थी नसताना स्टेजवर बसला, त्यानं गायकावर ड्रमची काडी उगारली, आणि त्यातून झटापट झाली.

"असं झालं नाही," मी म्हणालो.

प्राचार्यांनी चष्मा पुसला. नाना माझ्या कानाशी वाकले. "सही कर," म्हणाले. "त्याचं काय जातं? तो आज आठी तर उद्या तठी वाजवीन."

"त्याची बोटं गेली, नाना."

"तुही नाही गेली ना?"

मी सही केली. पेन माझाच होता.

तेव्हा मी काही मार खाऊन सही केली नाही, कोणी धमकी दिली नाही. मी घाबरलो होतो हे खरं, पण जबडा मोडताना मी घाबरलो नव्हतो. ड्रमवाल्याच्या घरच्यांनी तक्रार द्यायचा प्रयत्न केला असं मित्राकडून कळलं. त्यांना तो कागद दाखवण्यात आला. मित्र पुढच्या महिन्यात खोली सोडून गेला. जाताना म्हणाला, "मला तुझ्यासोबत झोपायची भीती वाटते." सरळ सांगितलं त्यानं, चेष्टा नव्हती ती. गिटार तो नंतरही वाजवत राहिला असं ऐकलं, पण आमची भेट नाही.

सिव्हिलमध्ये मी एकदाच गेलो, वॉर्डाच्या दारापर्यंत. ड्रमवाला उजव्या हातानं डावा हात छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची बायको पायाशी बसली होती. मी आत गेलो नाही.

पाच-सहा वर्षं गेली. मी बी.एड. करून जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो, लग्न झालं होतं. वर्गात माझ्या टेबलावर छडी असायची. मी ती वापरत असे, आणि वापरताना जीभ दातांत धरून मोजत असे, पाचाच्या वर जाऊ नये म्हणून. एकदा सातवर गेलो. त्या पोराचा बाप शाळेत आला आणि माझे आभार मानून गेला.

बायकोच्या नात्यातलं एक लग्न बोदवडला होतं. स्टेशनावर उतरून मांडवाकडे निघालो तर समोरून वरात येत होती, उन्हात, दुपारी. बँडच्या पुढे मोठा ढोल गळ्यात अडकवून एक बारीक माणूस चालत होता. उजव्या हातात टिपरू. डावा हात ढोलाच्या कडेवर नुसता टेकवलेला. कपाळावर भुवईला तुटलेली रेघ. सगळा बँड त्याच्या एका टोलावर चालत होता.

वरात मांडवात शिरेपर्यंत मी थांबलो. मग तो कडुनिंबाखाली ढोल उतरवून बसला, तिथे गेलो. त्यानं मला लगेच ओळखलं.

"बस, भाऊ," म्हणाला. आपलं पाणी पुढे केलं. मी प्यालो.

काय बोलावं ते मी इतकी वर्षं मनात घोळवलेलं होतं, ते काहीच आठवेना. म्हणालो, "मी त्याला मारलं, पण तुमचा हात वाचला नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू त्याले मन्हाकरता नही मारं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी खाले पडेल व्हतू, तुनं तोंड देखी राहिंतू. तठे मी नव्हतू. तू तुना कोनले तरी मारी राहिंता."

मग मी म्हटलं, "त्या कागदावर सही माझी होती."

"माले माहीत शे. माले वाची दाखाडी त्यासनी."

"मला माफ..."

"आते नको," त्यानं मधेच थांबवलं. "आते माले वाजाडानं शे."

मांडवातून कोणीतरी बँडवाल्यांना हाक मारत होतं, नवरदेव पुन्हा बाहेर निघणार होता. बाकीचे वाजंत्री उभे राहिले. तो उठला, ढोल उचलून छातीशी धरला. पट्ट्याचं बक्कल खांद्यामागे होतं. डाव्या हाताची तीन बोटं आखडून तळव्याला लागलेली, ती तिथे पोचेनात. त्यानं आजूबाजूला बघितलं, त्याची माणसं पुढे निघून गेली होती.

"पट्टा लाव," तो म्हणाला.

मी त्याच्या मागे जाऊन बक्कल लावलं. त्यानं खांदा हलवून पाहिला. "घट कर आखो." मी आणखी एक भोक ओढलं. घामानं भिजलेल्या सदऱ्याखाली त्याचं खांद्याचं हाड एका बाजूला उंच आलेलं होतं, नीट न बसलेलं. मान न वळवता तो रस्त्यावर गेला आणि आपल्या माणसांना मिळाला.

मांडवात पंगत बसली होती आणि बायको मला शोधत होती. मी तिला म्हटलं, मला बरं वाटत नाही, आणि न जेवता स्टेशनवर जाऊन बसलो. सोमवारी शाळेत गेलो तेव्हा टेबलावरची छडी उचलली आणि कपाटात टाकली. वर्षभरानं एकदा काढली. मग मोडून टाकली.